सुरी, घुमट, मिनार
राजकीय प्रचारातील अल्पसंख्य आणि छळाच्या तुलना

उपयोजित कलेच्या महाविद्यालयात मी जवळजवळ तीस वर्षे पोस्टर हा विषय शिकवला. पोस्टर शिकवायचे तर स्वित्झर्लंड टाळता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या देशात पोस्टरचे एकच माप रूढ झाले: सुमारे ९० सेंटिमीटर रुंद आणि १२८ सेंटिमीटर उंच. साबण, सर्कस आणि सार्वमत या सगळ्यांना त्याच आकारात उभे राहावे लागते. मोठा कागद लावून कुणाला जिंकता येत नाही. कमी रेषांत जास्त सांगणारा जिंकतो. योझेफ म्युलर-ब्रॉकमान, आर्मिन होफमान ही नावे आणि १९५७ साली आलेला हेल्व्हेटिका हा टंक आमच्या अभ्यासक्रमात पाठ करावे लागत, ते याच परंपरेमुळे.

२०१० च्या सुमारास एका तासाला मी एक राजकीय पोस्टर पडद्यावर दाखवले. ते २००७ चे होते, स्विस पीपल्स पार्टी या उजव्या पक्षाचे. लाल जमिनीवर पांढरा क्रॉस, म्हणजे स्विस ध्वज. त्यावर तीन पांढऱ्या मेंढ्या. त्यांतली एक मागच्या पायांनी लाथ मारून एका काळ्या मेंढीला ध्वजाबाहेर उडवते आहे. खाली दोनच शब्द: सुरक्षितता निर्माण करा. गुन्हा करणाऱ्या परदेशी रहिवाशांना देशाबाहेर काढावे या मागणीसाठी ते काढले होते. मी त्यातला आशय बाजूला ठेवला आणि रचना समजावून सांगितली. तीन रंग, चार आकृत्या, एक क्रिया. धावत्या ट्राममधूनही कळते.

मागच्या बाकावरची एक मुस्लीम विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे पोस्टर माझ्या घरासमोर लागलं, तर मी ते कसं बघायचं?"

मी म्हणालो, "आपण आत्ता फक्त रचनेबद्दल बोलतोय."

"हो सर," म्हणून ती खाली बसली. तास पुढे गेला. पण माझे उत्तर म्हणजे प्रश्न टाळणे होते, हे घरी जाताना मला कळले होते. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायला हवे होते ते उत्तर आहे, फार उशिरा दिलेले.

चित्रात आहे, मतदानात नाही

आधी त्या देशाची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचे समजणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये ठरावीक संख्येने नागरिकांनी सह्या केल्या की राज्यघटनेत दुरुस्ती सुचवता येते आणि त्यावर देशभर मतदान घ्यावे लागते. ही सोय १८९१ साली आली. तेव्हा ५० हजार सह्या लागत. आता एक लाख लागतात. सरकार आणि संसद विरोधात असले तरी मतदारांचे आणि कॅन्टनांचे, म्हणजे तिथल्या घटक राज्यांचे, बहुमत मिळाले की दुरुस्ती घटनेत जाते. त्यामुळे तिथे पोस्टर हे नुसते उमेदवाराचे मुखदर्शन नसते. त्यावरचे वाक्य उद्या घटनेचे कलम होऊ शकते.

मेंढ्यांच्या पोस्टरवर मोठा गदारोळ झाला. संयुक्त राष्ट्रांचे वंशवादविषयक विशेष प्रतिवेदक दुदू दियेन यांनी स्विस सरकारकडे खुलासा मागितला. पक्षाचे म्हणणे असे की 'काळी मेंढी' हा साधा वाक्प्रचार आहे, त्यात कातडीच्या रंगाचा संबंध नाही. ऑक्टोबर २००७ च्या निवडणुकीत पक्षाला सुमारे २९ टक्के मते मिळाली आणि तो पहिल्या क्रमांकावर राहिला. पुढे जर्मनीतल्या एनपीडी या अतिउजव्या पक्षाने तीच मेंढ्यांची कल्पना उचलली. आणि ज्या मागणीसाठी पोस्टर काढले होते, ती नोव्हेंबर २०१० मध्ये जवळजवळ ५३ टक्के मतांनी मंजूर झाली.

त्याआधी एक वर्ष, २९ नोव्हेंबर २००९ रोजी, मशिदींच्या मिनारांवर बंदी घालावी का, यावर मतदान झाले. त्या पोस्टरवर पुन्हा स्विस ध्वज होता. ध्वजातून काळे मिनार क्षेपणास्त्रांसारखे वर आलेले, आणि पुढे डोळे सोडून सगळा चेहरा झाकलेली एक स्त्री. बाझल, लोझान, फ्रिबूर या शहरांनी हे पोस्टर सार्वजनिक जागेत लावू दिले नाही. झुरिक, जिनिव्हा, ल्युसर्न यांनी लावू दिले. त्या वेळी देशभरात मिनार होते एकूण चार. मुसलमान सुमारे चार लाख, बहुतेक बाल्कन प्रदेशातून आणि तुर्कस्तानातून आलेले. त्यांच्यात पूर्ण चेहरा झाकणाऱ्या बायका शोधून सापडायच्या. पुढे २०२१ मध्ये चेहरा झाकण्यावरच बंदी घालण्यासाठी मतदान झाले, तेव्हा ल्युसर्न विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अशा स्त्रियांची संख्या तीसच्या आसपास मोजली होती. तीही बंदी ५१.२ टक्क्यांनी मंजूर झाली.

मला इथे पहिली गोष्ट दिसली. पोस्टरवरची स्त्री ही त्या चार लाखांपैकी कुणासारखीही नव्हती. झुरिकच्या दुकानात हिशेब लिहिणारी बोस्नियाची बाई पोस्टरवर नव्हती, कारण ती काढली असती तर पोस्टर चालले नसते. ज्यांच्याबद्दल मतदान होते, त्यांतल्या बहुसंख्यांकडे स्विस नागरिकत्व नव्हते, म्हणून मतही नव्हते. प्रचारातल्या अल्पसंख्याची स्थिती बहुधा अशी असते. तो चित्रात ठळक असतो, मतपेटीपाशी नसतो, आणि चित्रातला तो खऱ्यासारखा दिसत नाही.

सर्वेक्षणांत बंदी फेटाळली जाईल असे दिसत होते. प्रत्यक्षात ५७.५ टक्के मतदारांनी होकार दिला. 'मिनार बांधण्यास मनाई आहे' अशा अर्थाचे एक छोटे वाक्य राज्यघटनेच्या ७२व्या कलमात दाखल झाले.

मोठी तुलना

अशा पोस्टरला उत्तर काय द्यायचे? सर्वांत आधी सुचणारे उत्तर म्हणजे हिटलर. मेंढ्यांच्या आणि मिनारांच्या दोन्ही पोस्टरांची तुलना नाझी प्रचाराशी झाली. पण ही तुलना प्रत्यक्षात काय करते, ते पाहायला जरा इंग्लंडकडे वळतो, कारण तिथे ती फार स्वच्छ दिसते.

१६ जून २०१६ रोजी, युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या सार्वमताला आठवडा असताना, युकिप पक्षाचे नेते नायजेल फराज यांनी एका पोस्टरचे अनावरण केले. माणसांची लांबच लांब रांग आणि वर लाल अक्षरांत 'ब्रेकिंग पॉइंट', म्हणजे आता कडेलोट. छायाचित्र खरे होते. ते जेफ मिचेल या छायाचित्रकाराने ऑक्टोबर २०१५ मध्ये क्रोएशिया आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवर टिपले होते. रांगेतली माणसे निर्वासित होती. ब्रिटन युरोपच्या खुल्या सीमांच्या व्यवस्थेत कधी नव्हतेच, त्यामुळे ती रांग ब्रिटनच्या दारात उभी नव्हती. छायाचित्रात पुढच्या बाजूला एक गोरा चेहरा होता. पोस्टरवर नेमका तो मजकुराच्या चौकटीखाली गेला, हेही वृत्तपत्रांनी दाखवून दिले.

काही तासांत कुणीतरी हे पोस्टर आणि जुन्या नाझी प्रचारपटातली निर्वासितांची दृश्ये शेजारी शेजारी ठेवली. साम्य थक्क करणारे होते. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनीही या पोस्टरात १९३०च्या दशकातल्या प्रचाराचे पडसाद असल्याचे म्हटले. एका कामगार संघटनेच्या नेत्याने पोलिसांत तक्रार केली. त्याच दिवशी दुपारी खासदार जो कॉक्स यांची त्यांच्या मतदारसंघात हत्या झाली, आणि पोस्टरवरच्या चर्चेला फारच गडद रंग आला.

पण त्या चर्चेचा विषय काय होता? फराज हे नाझी आहेत का? तुलना करणारे अतिरेक करतात का? छायाचित्र खरे असताना त्याला प्रचारपट म्हणावे का? रांगेतली माणसे कोण होती, कुठून निघाली होती, पुढे कुठे गेली, हे विचारणारे फार थोडे होते. पोस्टरने त्यांना गर्दी केले होते. तुलनेने त्यांना पुरावा केले. दोन्ही ठिकाणी ती माणसे मुकीच राहिली.

मोठ्या तुलनेत आणखी एक अडचण आहे. ती नाकारायला फार सोपी असते. छळछावणी कुठे आहे, दाखवा, असे म्हटले की संपले. मिनारबंदीला मत देणारा स्विस शेतकरी स्वतःला हिटलरचा अनुयायी मानत नाही आणि तो तसा नसतोही. त्याला आरोप मोठा वाटतो, म्हणून खोटा वाटतो, आणि आरोपाबरोबर त्यातला खरा भागही तो झटकून टाकतो. साठ लाख ज्यूंच्या हत्येशी एका मनोऱ्याची बरोबरी केली, याने ज्यांची माणसे त्यात गेली त्यांनाही दुखावले जाते.

उसनी तुलना

शिवाय मोठी तुलना कुणीही उचलू शकतो. मे २०१६ मध्ये स्विस पीपल्स पार्टीचेच ज्येष्ठ नेते क्रिस्टोफ ब्लोखर एका मुलाखतीत म्हणाले की आपल्या पक्षाविरुद्ध माध्यमे ज्या तीव्रतेने लढतात ती पाहून नाझींच्या ज्यूंविषयीच्या पद्धतींची आठवण होते. देशातला सर्वांत मोठा पक्ष, ब्लोखर स्वतः माजी मंत्री आणि अब्जाधीश उद्योगपती. तरी छळाची उपमा त्यांना जवळची वाटली.

अमेरिकेत डिसेंबर २०११ मध्ये टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी यांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी अर्ध्या मिनिटाची एक जाहिरात केली होती. समलिंगी माणसांना सैन्यात उघडपणे राहता येते, पण आपल्या मुलांना शाळेत उघडपणे नाताळ साजरा करता येत नाही की प्रार्थना करता येत नाही, अशी तिची मांडणी होती. ओबामांनी धर्माविरुद्ध युद्ध पुकारले आहे, असा आरोप होता. देशात बहुसंख्य लोक ख्रिस्ती. पण जाहिरातीत छळ होणारे तेच होते, आणि नुकताच थोडासा हक्क मिळालेले समलिंगी सैनिक जणू छळणाऱ्यांच्या बाजूला गेले होते.

बहुसंख्यांना कधी दुःख नसते, असे मला म्हणायचे नाही. पण प्रचाराच्या जाहिरातीला छळाची भाषा का आवडते, ते यातून कळते. छळलेल्याला स्वसंरक्षणाचा अधिकार असतो. त्याने काही केले तरी ते हल्ला ठरत नाही. म्हणून मेंढ्यांच्या पोस्टरवरची पांढरी मेंढी लाथ मारते आणि तिच्या चेहऱ्यावर राग नसतो. ती फक्त आपले घर राखते आहे.

१८९३

मग तुलना करूच नये का? बरीच वर्षे मला तसे वाटत होते. माझे मत बदलले ते स्वित्झर्लंडमधल्याच एका जुन्या मतदानाने.

लोकांनी सह्या करून घटनादुरुस्ती सुचवण्याची सोय १८९१ मध्ये आली, हे वर सांगितले. या मार्गाने पहिली दुरुस्ती कोणती झाली? २० ऑगस्ट १८९३ रोजी मतदान झाले आणि जनावराला आधी बेशुद्ध केल्याशिवाय कापण्यावर बंदी आली. बाजूने सुमारे ६० टक्के मते पडली. आपल्याकडे हलाल हा शब्द सगळ्यांना ठाऊक असतो. ज्यूंमध्ये त्याच्या जवळ जाणारी पद्धत आहे. ठरावीक धारदार सुरीने, जनावर शुद्धीत असताना, एका फटक्यात गळा चिरायचा. तसे कापलेलेच मांस धर्माने चालते. कलमात 'ज्यू' हा शब्द नव्हता. मोहीम प्राणिदया संस्थांची होती, आणि त्यातल्या अनेकांना जनावरांची खरोखर कणव होती. पण शिकारीला कुणी हात लावला नव्हता. कलम लागू होणार होते ते देशातल्या सुमारे आठ हजार ज्यूंना, आणि प्रचारात ज्यूंविषयीचा जुना द्वेष मुरलेला होता. सरकार आणि संसद विरोधात होती. तरीही कलम २५ बिस म्हणून ते घटनेत गेले. १९७३ मध्ये घटनेतून निघाले, पण प्राणिसंरक्षणाच्या कायद्यात बंदी राहिली. आजही तिथल्या ज्यूंना असे मांस बाहेरून आणावे लागते.

त्याच्या मागची हकिकतही सांगायला हवी. १८४८ च्या स्विस घटनेने देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला तो ख्रिस्ती नागरिकांना. ज्यूंना आरगाऊ कॅन्टनमधल्या एंडिंगेन आणि लेंगनाऊ या दोन खेड्यांतच कायम वस्ती करता येई. तिथल्या काही जुन्या घरांना शेजारी शेजारी दोन दारे आहेत. एक ज्यू कुटुंबासाठी आणि एक ख्रिस्ती कुटुंबासाठी, असे सांगितले जाते. फ्रान्ससारख्या देशांनी व्यापारी करारांच्या वेळी दडपण आणले, तेव्हा १८६६ च्या मतदानाने ज्यूंना देशभर राहण्याचा हक्क मिळाला. उपासनेचे स्वातंत्र्य १८७४ च्या घटनेने आले. त्यानंतर १९ वर्षांत सुरीवर बंदी आली.

आता २००९ कडे परत येऊ. मिनारांच्या वादात स्वित्झर्लंडमधल्या ज्यू समाजाच्या मध्यवर्ती संघाने बंदीला उघड विरोध केला. संघाचे अध्यक्ष हर्बर्ट विंटर यांनी जे सांगितले त्याचा आशय असा: आम्हाला याचा स्वतःचा अनुभव आहे. शतकानुशतके आम्हाला बाहेर ठेवले गेले, सिनेगॉग बांधू दिले नाहीत, घुमट उभारू दिले नाहीत. तशी वगळणूक पुन्हा व्हायला नको.

हे वाचले तेव्हा मी थांबलो. ज्या समाजाला सर्वांत मोठी तुलना करण्याचा सर्वांत जास्त अधिकार होता, त्याने ती केली नाही. त्यांचा अध्यक्ष घुमटाबद्दल बोलला. मिनाराची तुलना घुमटाशी. बांधकामाची बांधकामाशी. त्याच देशातली, तशाच नियमांची, त्याच लोकांनी केलेली. ती झटकून टाकायला काही जागाच उरत नाही. छळछावणी कुठे आहे, असे विचारता येते; पण घुमट उभारू दिला नव्हता हे खरे की खोटे, याला एकच उत्तर आहे.

या तुलनेने आणखी एक गोष्ट केली. मोठी तुलना शेवटाकडे बोट दाखवते आणि आपण अजून तिथे पोहोचलो नाही, एवढा दिलासा ऐकणाऱ्याला मिळतो. छोटी तुलना सुरुवातीकडे बोट दाखवते. सुरुवात नेहमी सभ्य कारणाने होते. १८९३ मध्ये कारण जनावरांची दया होते. २००९ मध्ये स्त्रियांचे स्वातंत्र्य आणि गावाचे रूप. दोन्ही कारणे चांगलीच आहेत. म्हणून प्रश्न कारणाचा नसतो. हा नियम प्रत्यक्षात कुणावर पडणार, त्यांना कुणी विचारले का, आणि बाकीच्यांचे त्याने काही अडणार आहे का, हे विचारावे लागते. सुरीची बंदी ख्रिस्ती स्विस माणसाचे काही अडवत नव्हती. मिनारांची बंदीही नाही. ज्याला काही सोडावे लागत नाही त्याने दिलेले मत स्वस्त असते.

आणि तुलना कोण करतो, हेही तितकेच महत्त्वाचे. विंटर दुसऱ्यांच्या वतीने स्वतःची जखम मोजायला बसले नव्हते. माझे दुःख मोठे की तुझे, हा हिशेब त्यात नव्हता. ते मुसलमानांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि 'आम्ही या वाटेने गेलो आहोत' एवढेच म्हणाले. ब्लोखर यांची तुलना ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष ब्लोखरांकडे नेते. विंटर यांची तुलना ते लक्ष ज्यांच्यावर कलम येणार होते त्यांच्याकडे नेते.

अर्थात मतदान ते हरले. खरी तुलना केली म्हणून निवडणूक जिंकता येते, असे मी सांगत नाही.

माझी कात्रणवही

इथवर सगळे परदेशातले झाले, आणि परदेशातल्या लोकांना शहाणपण शिकवणे सोपे असते. माझ्या कपाटात एक जुनी कात्रणवही आहे. १९८४ मध्ये मी २३ वर्षांचा होतो, एका छोट्या जाहिरात संस्थेत मांडणी करायला नुकताच लागलो होतो. चांगली जाहिरात दिसली की कापून चिकटवायची, हा आम्हा सगळ्यांचा नाद.

त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची त्यांच्याच शीख अंगरक्षकांनी हत्या केली. पुढच्या काही दिवसांत दिल्लीत शिखांची कत्तल झाली. सरकारी आकड्याप्रमाणे एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. डिसेंबरच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक होती. काँग्रेसने व्यावसायिक जाहिरात संस्थेकडून मोहीम करून घेतली. पानभर जाहिराती, काळ्यापांढऱ्या, नेटक्या. एकीत प्रश्न होता, देशाची सीमा शेवटी तुमच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबणार का? दुसरीत, यापुढे तुमच्या वाणसामानाच्या यादीत ॲसिडचे बल्ब आणि लोखंडी कांबी असणार का? तिसरीत, दुसऱ्या राज्यातला माणूस टॅक्सी चालवत असेल तर तीत बसताना तुम्हाला अस्वस्थ का वाटावे?

'शीख' हा शब्द त्यांत नव्हता. १८९३ च्या कलमातही 'ज्यू' नव्हता. पण दिल्लीत टॅक्सी म्हटली की चालक कोण, हे लहान मुलालाही माहीत होते. जाहिरातीचा वरवरचा अर्थ एकतेचाच होता, आणि नेमक्या त्या सभ्य अर्थाखाली भीती जागी ठेवलेली होती. काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या. पुढे ऑगस्ट २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी संसदेत १९८४ च्या हिंसाचाराबद्दल क्षमा मागितली.

यांतल्या दोन जाहिराती माझ्या वहीत आहेत. शेजारी माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे: 'प्रश्नाने सुरुवात. उत्तम.' दुसरे काहीही नाही.

त्या काळी मी सायन कोळीवाड्याजवळ राहायचो. फाळणीनंतर तिथे पंजाबी आणि शीख निर्वासितांची मोठी वसाहत झाली. आमच्या कोपऱ्यावर एका सरदारजींचे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान होते. नोव्हेंबरमध्ये ते काही दिवस बंद होते. उघडले तेव्हा मी स्कूटरची केबल आणायला गेलो. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. गल्ल्यावर वर्तमानपत्र असायचे, तेच जे मी घरी जाऊन कापायचो. सीमा उंबरठ्यापाशी येईल, ही भीती ती जाहिरात मला घालत होती. त्या माणसाच्या घरावरून सीमा १९४७ सालीच गेली होती. जाहिरातीला तोच धोका वाटत होता, आणि खरे तर त्या धोक्याचा अनुभव असलेला गल्लीतला तोच एक होता. ही तुलना अगदी हाताशी होती. मला ती सुचली नाही. मला मथळा आवडला होता.

आपले साल कोणते

मराठी वाचकाला छोटी तुलना कळायला स्वित्झर्लंडला जाण्याची गरज नाही. बेळगावच्या मराठी माणसाला दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी किती मोठी असावी, या नियमाचे दुःख विचारा. कुणी मेलेले नसते, कुणाला हाकललेले नसते. पण सकाळी कुलूप उघडताना पाटीकडे नजर जाते आणि आपण इथे कोण आहोत, ते कळते. तेच मराठी आपण साठच्या दशकात मुंबईत 'मार्मिक'मध्ये दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या वाचत होतो. माझ्या घरी त्या मोठ्याने वाचल्या जात. मराठी मुलांना नोकऱ्या मिळत नव्हत्या, हे दुःख खरे होते. कारण सभ्य होते. यादीतली माणसे मात्र चेहरे नसलेली नावे होती. यादीतल्या एखाद्या घरात तो अंक कसा वाचला जात असेल, असा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. एकाच समाजाकडे दोन्ही आठवणी असू शकतात, आणि दोन्ही जपल्या तरच त्या कामाच्या.

म्हणून पुढच्या निवडणुकीत एखादी जाहिरात समोर आली आणि तिच्यात कुणीतरी 'ते' असले, तर मी आता तीन गोष्टी पाहतो. चित्रातला माणूस मला माहीत असलेल्या त्या समाजातल्या कुणासारखा दिसतो का? जाहिरात ज्याला छळलेला म्हणते, त्याला प्रत्यक्षात काय सोडावे लागणार आहे आणि दुसऱ्याला काय? आणि या नियमाशी जुळणारा, याच मातीतला, जुना छोटा नियम कोणता होता, तो कुणावर पडला होता?

ती विद्यार्थिनी आता एका मोठ्या प्रकाशन संस्थेत मुखपृष्ठे करते, असे ऐकतो. तिला मी सांगितले असते: हे पोस्टर रचनेने उत्तम आहे, आणि ते तुझ्या घरासमोर लागले तर तू त्याच्याकडे उत्तम रचना म्हणून बघण्याचे तुझ्यावर काही बंधन नाही. ते तुझ्याबद्दल बोलते आहे आणि तुझ्याशी बोलत नाही. हा त्याच्या रचनेचाच भाग आहे, आणि तो शिकवायचा मी राहून गेलो.

कात्रणवहीतल्या त्या पानावरची पेन्सिलीची ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली तारीख घालून दुकानाची हकिकत लिहून ठेवली आहे.